जितराब नावाचा खडक

अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैत तीर्थपुरीच्या आमच्या शाळेत मुंबईहून एक लांबट पाकीट आलं. शाळेला येणारं पाकीट म्हणजे पटसंख्या कळवा नाहीतर खडू एवढ्या लवकर का संपले याचा खुलासा करा, एवढंच. म्हणून मी ते तासभर तसंच पडू दिलं. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता फोडलं आणि चहा नाकात गेला.

मजकूर टाइप केलेला होता. ‘आमच्याकडील मजूर राधाकिसन याने समुद्रतळाच्या नमुना क्रमांक चार, पाच व सहा यांपुढे रजिस्टरात “जितराब” असे लिहिले आहे. आमच्या भूगर्भतज्ज्ञांच्या वहीत त्याच जागी “चुनखडक” अशी नोंद आहे. तरी मराठवाड्यात जितराब नावाचा खडक कोठे आढळतो व त्याची कठिणता किती, हे कळवावे. सदर खडक पक्का असल्याचे राधाकिसन याने सहीनिशी लिहून दिल्यास काम दिवाळीनंतर पुढे सुरू होईल व त्यास मशीनचालक म्हणून घेतले जाईल.’

मी, अण्णासाहेब, या शाळेत बारा वर्षं भूगोल शिकवत होतो. मुरूम शिकवला, काळा पाषाण शिकवला. जितराब नावाचा खडक काही शिकवला नव्हता. आमच्याकडे जितराब म्हणजे गाय, म्हैस, शेळी, मेंढी. दावणीला किंवा कळपात असेल ते सगळं जितं जनावर. पण मुंबईच्या साहेबांचा काय दोष? त्यांच्याकडे म्हैस बाटलीतूनच दारात येते.

राधाकिसननं घरचा पत्ता म्हणून माझ्या शाळेचा पत्ता दिला होता. त्याच्या वस्तीवर पोस्टमन जात नसे, कुत्री फार.

तो आणि मी एका पाटीचे. खरोखर एका पाटीचे, कारण पहिलीत माझी पाटी फुटली तेव्हा त्यानं आपल्या पाटीची एक बाजू मला देऊन टाकली होती. मी बौद्धवाड्यातला, तो गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरचा. छप्पन साली आमच्या घरातले देव गेले आणि पुस्तकं आली. मी पुस्तकांमागे गेलो. तो चौथी पास होऊन मेंढरांमागे गेला. तरी बाजारच्या दिवशी आमची भेट चुकत नसे. मी चिडका, तो थंड. मी दहा वाक्यं बोलावीत आणि त्यानं एकात उत्तर द्यावं, असं आमचं चालायचं.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची साठ मेंढरं गेली. काही विकली, बाकीची डोळ्यांदेखत बसली ती उठली नाहीत. त्याच वर्षी आमच्याकडे बोअरच्या गाड्या आल्या. हा आपला बघायला म्हणून गेला आणि तिथंच हेल्पर म्हणून चिकटला. पुढं पाच वर्षं परतूर, अंबड, घनसावंगी, जिथं गाडी तिथं हा.

खडकाची त्याला विलक्षण पारख आली. बोअरमधून जी भुकटी उडते ती चिमटीत घ्यायची, बोटांनी चोळायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि सांगायचं, “मांजऱ्या लागला. धा फुटावर पाणी.” मांजऱ्या म्हणजे पाणी धरणारा ठिसूळ खडक. बहुतेक वेळा पाणी लागायचंच. त्याची आणखी एक तऱ्हा होती. बोअर सुरू व्हायच्या आधीच तो वहीच्या कागदाची पुडी करून तिच्यावर गावाचं नाव लिहून ठेवायचा. खाली जे लागेल त्याची चिमूट त्या पुडीत जायची आणि पुडी जालन्याच्या मस्तगडातून आणलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मी विचारलं, आधीच नाव कशाला घालतोस? तर म्हणाला, “आरं, लेकरू व्हायच्या आधी कुंची शिवतेतच की.”

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण हेल्पर उभा राहतो तो भुकटीत. मशीनचा दांडा धरणारा चालक चार पावलं मागं, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. हेल्पर मात्र भोकाच्या तोंडाशी. संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन यायचा आणि खोकायचा. जेवढी भुकटी डब्यात, त्याच्या हजारपट छातीत गेली असेल. त्याची बायको वच्छलाबाई मला दर बाजारी एकच म्हणायची, “गुरुजी, तुमच्या दोस्ताच्या हातात एकदा तो दांडा येऊ द्या. मंग मला काहीच नको.” पण गाडीचा दांडा मालकाच्या मेव्हण्याकडे होता, आणि मेव्हण्यापुढं कुणाचं काही चालतं का?

मग सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर मुंबईची एक कंपनी बोअरची माहिती असलेली माणसं शोधत आली. समुद्रात तेल आणि गॅस निघतो, तिथं तळाचे नमुने काढायचे होते. एक हंगाम हेल्पर म्हणून काम, आणि ते पसंत पडलं तर पुढच्या हंगामाला चालक. वच्छलाबाईनं त्याच दिवशी त्याचं गाठोडं बांधलं.

गावात मात्र चेष्टा झाली. पारावर बसणारे म्हातारे कारभारीतात्या तर मनापासून चिंतेत पडले. “समुद्रात बोअर मारून राह्यले? आरं, पाणी तर वरच हाय की!”

राधाकिसन परतूरला गाडीत बसला, मनमाडला बदलून मुंबईला आणि तिथून रत्नागिरीला गेला. महिन्यानं त्याचं कार्ड आलं. ‘आण्णा, इथं नांगर हाय पण बैल न्हाई. पाणी हाय पण प्यायला न्हाई. बाकी बराबर.’ मी ते कार्ड वर्गात वाचून दाखवलं. पोरं दिवसभर हसत होती.

मे अखेरीस समुद्र खवळायला लागल्यावर काम थांबलं आणि तो घरी आला. आल्यापासून गप्पच होता. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. ते पाकीट येईपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी पाकीट घेऊन वस्तीवर गेलो. तो बाजेवर बसून दोरी वळत होता. मी पत्र वाचून दाखवलं. वच्छलाबाई भाकरी टाकायची थांबून दारात आली. ‘मशीनचालक म्हणून घेतले जाईल’ हे शब्द येताच तिनं पदरानं तोंड पुसलं. का पुसलं ते मला कळलं.

“अरे, हे काय लिहून आलास?” मी म्हणालो. “समुद्रात कसली जितराबं?”

त्यानं दोरी खाली ठेवली. त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्याहून जास्त बोलला.

रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून बोटीनं सहा-सात तास आत गेलं की पाण्याखाली एक पठार आहे. तिथले मच्छीमार त्याला तांबखडप म्हणतात. चहूकडे अथांग समुद्र आणि तेवढ्याच जागी तळ दहा परसावर, आपल्याकडच्या खोल विहिरीएवढा. थंडीत पाणी निवळ असलं की वरून दिसतो. त्या पठारावर मोठं मशीन उभं करता येईल का, पाया पक्का आहे का, एवढंच बघायचं होतं. भूगर्भवाले साहेब बरोबर होते, पण त्यांना बोट लागली. पहिले दोन दिवस ते बादलीत तोंड घालून होते. म्हणून त्यांनी रजिस्टर राधाकिसनकडे दिलं आणि सांगितलं, नळीतून जे येईल ते पुढं लिही.

“पहिल्या तीन जागी वाळू लागली, वाळू लिव्हलं,” राधाकिसन सांगू लागला. “चौथ्याला नळी वर आली तर आत फांदी. दगडाची. बाभळीच्या शेंड्यावानी, पण मातकट-गुलाबी. म्या आपली चिमटीत धरली, जिभेला लावावी म्हणून तोंडाजवळ नेली, तर आण्णा, तिला शेंबूड आल्ता.”

“काय?”

“शेंबूड. लोंबून राह्यला होता. मेंढराला सर्दी झाली म्हंजी येतो तसा. मंग माझी जीभच आत गेली. दगडाला कधी शेंबूड येतो व्हय?”

त्यानं ती फांदी समुद्राच्या पाण्याच्या बादलीत सावलीला ठेवली. दिवसभर काम केलं. उन्हं कलल्यावर पाहिलं तर फांदीच्या प्रत्येक छिद्रातून बारीक बारीक तोंडं बाहेर आली होती, आणि प्रत्येक तोंडाला बोटं. त्यानं बादलीत आपलं बोट नेलं, तशी सगळी तोंडं एकदम आत गेली. बोट काढलं, थोडा वेळ थांबला, पुन्हा हळूहळू बाहेर.

“भेली होती ती,” तो म्हणाला. “कोकरू भेतं तशी.”

बरोबरच्या बोटीच्या तांडेलानं त्याला सांगितलं की सगळी तांबखडप अशीच आहे, वरचा थर सगळा जिता. या भागातली मासळी इथंच येऊन अंडी घालते, पिल्लं इथंच लपून मोठी होतात. दुसऱ्या दिवशी बार्जेचा, म्हणजे मशीन ठेवलेल्या सपाट बोटीचा, नांगर वर ओढला तर त्याच्या दातांत मोडलेल्या फांद्यांचा भारा अडकून आला. नांगर जिथून फरपटला तिथं तळावर पांढरा पट्टा पडला होता. नमुना पाचलाही तेच, सहालाही तेच. राधाकिसनला दुसरा शब्द सुचला नाही. सुचायचं कारणही नव्हतं. जितं आहे, कळपानं बसलंय, खातंपितं, भितं. त्यानं तिन्ही जागी ‘जितराब’ लिहिलं, आणि बादलीतली फांदी जिथून आली तिथं सोडून दिली.

“साहेबाला दाखवली नाहीस?”

“दाखवली की. बरे झाल्यावर आले. म्हणले, हे पोवळं, प्रवाळ. ठाऊक हाय आम्हाला. पण आपलं काम पाया बघायचं हाय, राधाकिसन, खाली चुनखडकच हाय. अन् मंग बादलीकडं बघतच बसले. लई वेळ. माणूस वाईट न्हाई.”

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना आजही लाज वाटते. मी मास्तर. पोरं खोटं बोलली तर मी छडी काढतो. पण त्या दिवशी मीच म्हणालो, “राधाकिसन, लिहून दे. खडक आहे, पक्का आहे. साहेबांनी तेच लिहिलंय, तू काय वेगळं सांगतोस? तू नाही म्हणालास म्हणून तेल निघायचं राहणार आहे का? तुझ्याच्यानं काय होतंय?” मला ती खडप दिसतच नव्हती. मला त्याची छाती दिसत होती. तो बोलता बोलता तीनदा खोकला होता, आणि मी मोजत होतो.

वच्छलाबाई म्हणाली, “गुरुजी बराबर सांगून राह्यले.”

 राधाकिसननं कुडाला टांगलेल्या वाघरीकडं बोट केलं. वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. मेंढरं जाऊन सहा वर्षं झाली होती तरी त्यानं ती विकली नव्हती.

“वाघूर कशी लावतेत, ठावं हाय ना तुला? आधी मेखा ठोकायच्या, मंग मेंढरं आत घ्यायची. मेंढरं एकदा बसली का मंग बिलकुल मेख ठोकायची न्हाई. एखादी उपटली तरी हातानं धरून बसायचं. काहून? तर दणक्यानं कळप भडकतो, गाभण मेंढी गाभ टाकते. माझ्या बापानं मला ह्या एकाच गोष्टीसाठी मारलं. आन् तू म्हणतो, बसल्या कळपात एवढी मोठी मेख ठोका म्हणून लिहून दे?”

“अरे, पण ती मेंढरं नाहीत!”

“तू पाह्यली न्हाईस,” तो म्हणाला.

 मी खरंच पाहिली नव्हती. मी समुद्रही पाहिला नव्हता. नकाशात निळा रंग भरायला शिकवत होतो, एवढंच.

वच्छलाबाईच्या गळ्यात काळ्या पोतीत एक लाल पोवळं होतं. तिच्या आईचं. ती ते चाचपत उभी होती. “साहेब पोवळं म्हणले ना?” तिनं विचारलं. “मंग हे बी?”

“ते बी एकदा जितं होतं,” राधाकिसन म्हणाला.

तिनं पोत पुढं ओढून त्या मण्याकडं पाहिलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. “आमच्या आईनं लगनात घातलं,” ती हळूच म्हणाली. “मी आपली दगड समजून ऱ्हायले.” मग पदर खोचून ती चुलीकडं वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “लिहा गुरुजी, त्यांचं म्हणनं. खोकल्याचं मी बघते.”

पत्राचा मसुदा मी केला. मी चिडलेला होतो, कंपनीवर, त्याच्यावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. म्हणून पहिलंच वाक्य लिहिलं, ‘मुंबईत जितराब पाहावयास मिळत नसल्यास तीर्थपुरीच्या बाजारास यावे.’ राधाकिसननं ते खोडायला लावलं. म्हणाला, “जितराबासाठी बोलायचं तर आवाज चढवू न्हाई.” शेवटी उरलं ते एवढंच:

‘नमुना चार, पाच, सहा हा खडक नाही. आमच्याकडे जितराब म्हणजे जिते जनावर. त्या जागी कळप बसला आहे. बसल्या कळपात मेख ठोकत नाहीत. वाळूची जागा बघावी, मी काढून देतो.’

खाली त्यानं पाटीवर गिरवल्यासारखी मोठी सही केली. मी माझ्या अकलेनं एक ओळ जोडली: ‘सदर इसमाची खडकाची पारख आजवर चुकल्याचे आमच्या भागात कोणास आठवत नाही.’ ती मात्र त्यानं राहू दिली.

उत्तर आलं नाही. दिवाळी आली, गेली. मी रोज टपालवाल्याची वाट बघायचो. राधाकिसननं एकदाही विचारलं नाही. तो पुन्हा जुन्या बोअरगाडीवर गेला. दांडा मेव्हण्याकडं, हा भोकाच्या तोंडाशी. वच्छलाबाई गूळ आणि सुंठ कुटून देत राहिली. बाजारात भेटली तरी मला टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या मार्चमध्ये भूगर्भवाल्या साहेबांचं पत्र आलं. कंपनीचं नाही, त्यांचं स्वतःचं, हातानं लिहिलेलं. ‘माझ्या वहीतला चुनखडक मी खोडला,’ असं त्यांनी लिहिलं होतं. राधाकिसनचं पत्र त्यांनी अहवालाला जसंच्या तसं जोडलं. वरच्या लोकांत त्यावर पुष्कळ हशा झाला, पण हसून झाल्यावर कुणालाच जोखीम घ्यावीशी वाटेना. तिन्ही जागा वगळल्या. काम दहा-बारा मैल पलीकडं, निव्वळ वाळूवर सरकवलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘पाया भरवशाचा नाही.’ आणि राधाकिसनचं नाव चालकांच्या यादीतून काढलं आहे, ते मी थांबवू शकलो नाही, मला माफ करा, असं शेवटी होतं. सोबत नकाशाची नक्कल होती. सगळी अक्षरं इंग्रजी, फक्त तीन ठिपक्यांपुढं मराठीत, साहेबांच्या अक्षरात: जितराब.

मी ते सगळं वस्तीवर जाऊन वाचलं. राधाकिसन ‘भरवशाचा नाही’ याला हसला आणि हसता हसता खोकला. मग नकाशा गुडघ्यावर पसरून त्या तीन शब्दांवरून त्यानं बोट फिरवलं.

“म्हंजी बसून हायत अजून?”

“बसून आहेत,” मी म्हणालो.  

त्याच उन्हाळ्यात जालन्याच्या डॉक्टरांनी त्याला भुकटीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. त्यानं बोअरगाडी सोडली आणि वाकुळणीच्या एका नातेवाइकाची सात मेंढरं अर्धेलीनं राखायला घेतली. सहा-सात वर्षांनी वाघूर कुडावरून खाली उतरली. खोकला गेला नाही, पण मोकळ्या रानात तो जरा कमी व्हायचा.

एका रविवारी मी त्याला भेटायला माळावर गेलो तेव्हा त्यानं तो बिस्किटांचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला. “शाळंत घेऊन जा. पोरांना दाखव. माझं काम झालं.”

मी तिथंच लिंबाच्या सावलीला डबा उघडला. त्रेसष्ट पुड्या. परतूर, रांजणी, कुंभार पिंपळगाव. प्रत्येक गावाचं नाव, आत चिमूटभर गाव. काळी, राखाडी, गेरूसारखी लाल. सगळ्यात वर एक पुडी होती, घडी चांगली घातलेली, वर नाव तांबखडप. उघडली तर आत काहीच नाही.

“ही रिकामी का रे?”

तो मेखा ठोकत होता. मेंढरं अजून लांब चरत होती. त्यानं शेवटची मेख ठोकून पुरी केली, दगड बाजूला टाकला, आणि मग माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी अजून पहिलीत आहे आणि माझी पाटी पुन्हा फुटली आहे.

“आण्णा,” तो म्हणाला, “जित्या जिवाची कुठं पुडी बांधतेत व्हय?”

मी पुडीची तशीच घडी घातली आणि डब्यात सगळ्यात वर ठेवली. तो मेंढरं वळवायला गेला.